आधी मूळ गळ्यात, मग नवं पान : जुन्या परंपरांतून आलेल्या नव्या वृंदरचना कशा बसवाव्यात

फ्रेंच रचनाकार मॉरिस द्युरुफ्ले यांची ‘उबी कारितास’ ही जेमतेम अडीच-तीन मिनिटांची रचना. आमच्या वृंदाने ती पहिल्यांदा बसवायला घेतली तेव्हा तीन तालमी आम्ही नुसते ठोके मोजत होतो. दोनाचं माप, मग तीनाचं, पुन्हा दोनाचं. स्वर चुकत नव्हते, मापही चुकत नव्हतं, पण गाणं काही केल्या जागचं हलत नव्हतं. चौथ्या तालमीला संचालकबाईंनी सगळ्यांच्या हातातली पानं गोळा केली, फळ्यावर चार रेषा ओढल्या आणि या रचनेच्या पोटात जी जुनी ग्रेगोरियन धून (मध्ययुगीन चर्चमधलं एकेरी चालीचं लॅटिन गान) आहे ती चौकोनी स्वरचिन्हांत लिहून काढली. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असा उंच ते खर्ज आवाजांचा भेद न ठेवता सगळ्यांनी ती एकत्र म्हणायची. वीस मिनिटं तेवढंच केलं. मग पानं परत हातात आली आणि पहिल्याच ओळीला खोलीतल्या प्रत्येकाला फरक कळला. मापं बदलत होती ती शब्दांच्या मागोमाग जात होती म्हणून. शब्द नीट म्हटला की मोजायची गरजच उरत नव्हती.

तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे. जुन्या परंपरेतून जन्मलेली नवी रचना गायची, तर ती परंपरा आधी थोडी तरी गळ्यावर चढली पाहिजे. तिच्याबद्दल वाचून भागत नाही. रचनाकारांनीही हेच केलं आहे. द्युरुफ्ले लहानपणी रुआँ शहरातल्या कॅथेड्रलच्या गायनशाळेत वाढले. ग्रेगोरियन धुनींवरची त्यांची चार मोटेट्स (छोटी धार्मिक वृंदगीतं) आली ती १९६० साली, म्हणजे आयुष्यभर त्या धुनी गाऊन-वाजवून झाल्यावर. एस्टोनियाचे आर्वो पॅर्ट यांनी १९६८ नंतर जवळजवळ आठ वर्षं फारच थोडं लिहिलं. त्या काळात ते ग्रेगोरियन गान आणि मध्ययुगीन बहुस्वरी संगीत अभ्यासत होते, वह्यांवर वह्या भरून एकेरी धुनी लिहीत होते. १९७६ साली त्यांची स्वतःची शैली सापडली ती त्यातून. अमेरिकेचे स्टीव राइश यांनी १९७० च्या दशकात हिब्रू धर्मग्रंथांच्या पठणाच्या स्वरपद्धतीचा अभ्यास केला आणि नंतर, १९८१ साली, ‘तेहिल्लिम’ हे स्तोत्रगान पूर्ण केलं. लिहिणाऱ्यांनी वर्षं घातली असतील तर गाणाऱ्यांनी आठ-दहा तालमी तरी घालाव्यात. खालची रीत त्याच अंदाजाने मांडली आहे.

पायरी १ : नव्या रचनेचं जुन्याशी नातं काय, ते आधी ओळखा

‘जुन्या परंपरेतून स्फुरलेली’ असं कशालाही म्हटलं जातं, आणि तालमीत सगळा घोळ तिथून सुरू होतो. रचना निवडण्याआधी एकच प्रश्न विचारा: जुन्यातलं नेमकं काय इथे आलं आहे?

कधी प्रत्यक्ष चालच आलेली असते. द्युरुफ्ले यांच्या मोटेटमध्ये मूळ धून जशीच्या तशी ऐकू येते, फक्त तिच्याभोवती विसाव्या शतकातल्या स्वरसंगती असतात. यान सांडस्ट्रॉम यांच्या ‘एस इस्ट आइन रोस एंटश्प्रुंगेन’मध्ये मिखाएल प्रेटोरियस यांनी १६०९ साली छापलेली चार आवाजांची मांडणी तशीच ठेवली आहे. एक छोटा गट ती संथपणे गातो आणि आठ आवाजांचा दुसरा वृंद भोवती नुसता गुणगुणत राहतो.

कधी चाल नसते, नियम येतो. राइश यांच्या १९९५ सालच्या ‘प्रोव्हर्ब’मागे बाराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये लिहिणाऱ्या पेरोतँ यांची पद्धत आहे: एक आवाज एकेक स्वर लांबच लांब धरणार, वर दोघे त्यावर नक्षी काढणार. जॉर्जी लिगेटी यांच्या १९६६ सालच्या ‘लुक्स एतेर्ना’त १६ स्वतंत्र आवाज आहेत. ऐकताना तो नुसता तरंगता ढग वाटतो, पण आत पंधराव्या शतकातल्यासारखा कडक कॅनन आहे, म्हणजे तीच चाल प्रत्येक आवाज वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कालमानाने गातो.

तिसऱ्या प्रकारात आवाज काढण्याची पद्धतच येते: घशातला घुमार, श्वासाचा आवाज, छातीतून काढलेली उघडी हाक. कॅरोलाइन शॉ यांची २०१३ साली अमेरिकेतला पुलित्झर पुरस्कार मिळालेली ‘पार्टिटा फॉर ८ व्हॉइसेस’ ही या वाटेवरची. आणि चौथ्या प्रकारात एखादी पूर्ण जुनी रचनाच समोर ठेवून तिला उत्तर दिलेलं असतं. सतराव्या शतकातले इंग्रज रचनाकार हेन्री पर्सेल यांचं ‘हिअर माय प्रेअर, ओ लॉर्ड’ जिथे संपतं, तिथून पुढे स्वेन-डाविड सांडस्ट्रॉम यांनी १९८६ साली स्वतःची रचना सुरू केली.

हे वर्गीकरण कागदी वाटेल, पण पुढची सगळी तयारी यावर ठरते. चाल आली असेल तर ती धून पाठ करायची. नियम आला असेल तर तो नियम स्वतः वापरून पाहायचा. आवाज आला असेल तर शिकवणारा माणूस शोधायचा. पूर्ण रचना आली असेल तर ती आधी बसवायची, अगदी कार्यक्रमात गायच्या दर्जाची.

पायरी २ : आवाज मोजा, मग रचना निवडा

गायक किती आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकटा उभा राहून आपली ओळ धरू शकेल असे किती आहेत, हे मोजायला हवं. यान सांडस्ट्रॉम यांच्या रचनेत चार अधिक आठ अशा बारा ओळी चालतात. ‘लुक्स एतेर्ना’ला सोळा. वीस जणांच्या हौशी वृंदाने तिकडे एवढ्यात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उलटी फसगतही होते. पॅर्ट यांचं २००४ सालचं ‘दा पाचेम दोमिने’ कागदावर पाहिलं तर मुलांच्या पहिल्या पुस्तकासारखं दिसतं: लांब स्वर, फार थोडी हालचाल. ‘सोपं आहे, दोन तालमीत होईल’ म्हणून ते घेतात आणि कार्यक्रमात पाव-अर्धा स्वर खाली येऊन संपवतात. ज्यात लपायला जागा नाही, ते कठीण. नव्या वृंदाने सुरुवात द्युरुफ्ले किंवा तत्सम चाल-आधारित रचनेने करावी. पायाखाली ओळखीची धून असते, चुकलो तरी परत रस्त्यावर येता येतं.

हक्कांचंही याच वेळी पाहून घ्या. जुनी धून कुणाच्या मालकीची नसली तरी नवी रचना असते, आणि जुन्या धुनीची आधुनिक संपादित आवृत्तीही असू शकते. प्रत्येक गायकामागे एक विकत घेतलेली प्रत, आणि जाहीर कार्यक्रमासाठी लागणारा परवाना.

पायरी ३ : मूळ धून चौकोनी चिन्हांतून वाचा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. ग्रेगोरियन धून आजच्या पाच रेषांवर उतरवलेली सहज मिळते, पण ती वापरू नका. चार रेषांवरची चौकोनी लिपी अर्ध्या तासात वाचता येऊ लागते आणि तिच्यात गाण्याची चाल दिसते.

ओळीच्या सुरुवातीला एक खूण असते, ती ‘दो’ किंवा ‘फा’ (आपले सा किंवा म) कुठल्या रेषेवर आहे एवढंच सांगते. पट्टी ठरलेली नाही. षड्ज गळ्याला सोयीच्या ठिकाणी धरायचा. आपल्या कानाला हे अजिबात परकं नाही. एकटा चौकोन म्हणजे एक स्वर. दोन चौकोन एकावर एक रचलेले असतील तर आधी खालचा, मग वरचा. वरचा आधी आणि खालचा शेजारी सरकलेला असेल तर स्वर उतरतो. जाड तिरकी पट्टी दिसली तर तिची फक्त दोन टोकं गायची, मधलं अंतर घसरत भरायचं नाही. मींडेची सवय असलेल्यांनी इथे विशेष लक्ष ठेवावं. अगदी छोटं चिन्ह शब्दातल्या म, न, ल अशा व्यंजनावर येतं: स्वर गाता गाता तोंड मिटत न्यायचं. उभ्या रेघा तालाच्या नाहीत, श्वासाच्या आहेत. छोटी रेघ छोटा विसावा, पूर्ण रेघ पूर्ण श्वास.

जोडून लिहिलेले स्वर एका अक्षरावर, एका दमात येतात, हे एकदा डोळ्यांना कळलं की गाणं आपोआप वाहू लागतं. फ्रान्समधल्या सोलेम मठाने एकोणिसाव्या शतकात या धुनी जुन्या हस्तलिखितांवरून पुन्हा उभ्या केल्या. स्वरांकडे दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत पाहण्याची त्यांची रीत होती. द्युरुफ्ले यांच्या बदलत्या मापांचं मूळ तिथे आहे. म्हणूनच धून गळ्यात बसली की ती मापं कोडं राहत नाहीत.

तालमीत असं करा. पहिल्या दिवशी शब्द नुसते बोला, चालीशिवाय, एखादी प्रार्थना मोठ्याने म्हणावी तसे, वजन योग्य अक्षरावर देऊन. मग तेच शब्द एकाच स्वरावर म्हणा. मग धून. हाताने ताल धरायचा नाही. संचालकाचा हात चालीबरोबर वर-खाली वाहिला पाहिजे. रोज दहा मिनिटं, चार तालमी. चौथ्या तालमीत वृंदाचे दोन भाग करून ओळी आळीपाळीने म्हणा, कुणीही हाताने इशारा न करता. दुसरा गट नेमक्या श्वासावर आत आला, तर समजा धून बसली.

लोकपरंपरेची रचना असेल तर हीच पायरी वेगळ्या रूपाने येते. एस्टोनियाच्या वेल्यो टॉर्मिस यांनी ‘रेगीलाउल’ या प्राचीन लोकगानावर आयुष्य वाहिलं. बाल्टिक समुद्राभोवतीच्या लहान लहान भाषासमूहांची गाणी घेऊन १९७० ते १९८९ अशी जवळजवळ वीस वर्षं ते ‘विसरलेले लोक’ नावाची रचनामाला लिहीत होते. यातल्या लिव्होनियन, व्होटिक अशा भाषा बोलणारी माणसं तेव्हाही फारच थोडी उरली होती. ही गाणी गाताना कागदावरचं रूप फसवं ठरतं. चार-पाच स्वरांची एक ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच. ‘याच्यात काय आहे?’ असं गायक विचारतात.

यातलं मर्म गाऊनच कळतं. रेगीलाउलमध्ये एक पुढारी गायक आठ अक्षरांची ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलून पुन्हा म्हणतात. पण पुढाऱ्याची ओळ संपण्याआधीच, शेवटच्या एक-दोन अक्षरांवर समूह त्याच्यात मिसळतो, आणि समूहाच्या शेवटच्या अक्षरांवर पुढारी परत येतो. सांधा कुठेच उघडा पडत नाही. ही साखळी गोलात उभं राहून, पावलं टाकत, सलग दहा मिनिटं चालवून पाहा. पुढारी दर थोड्या वेळाने बदला. सहाव्या-सातव्या मिनिटाला आवाज सैल होतात, श्वास एक होतो आणि पुनरावृत्तीचं ओझं जातं. त्यानंतर टॉर्मिस यांचं पान उघडा. त्यांच्या १९७२ सालच्या ‘राउआ नेएडमिने’ या लोखंडाला दिलेल्या शापातला ढोलाचा ठोका आणि सतत परतणारी ओळ तेव्हा कंटाळवाणी वाटत नाही, अंगावर येते.

पायरी ४ : उच्चार देवनागरीत लिहा, पण जपून

मराठी गायकांना इथे मोठा फायदा आहे आणि एक खड्डाही. लॅटिन शब्द देवनागरीत लिहिले की आपण सवयीने इंग्रजी वळणाचं ‘एट’ लिहितो. लॅटिनचा रोमन उच्चार दंत्य आहे: ‘उबी कारितास एत आमोर’. त, द आपलेच, दातांना जीभ लावून. ट आणि ड आले की स्वराची धार जाते, आणि तीस जणांचे तीस ट एकत्र आले तर ते सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतात. आपला ए आणि ओ सरळ असतात, शेवटाला इ किंवा उ कडे वळत नाहीत. तेही लॅटिनला हवं तसंच.

रोमन आणि जर्मन लॅटिनमधला फरकही आपल्याला फुकटात कळतो. स्वर्गासाठीचा शब्द रोमन पद्धतीत ‘चेली’ होतो, त्यात ‘चंद्र’मधला च. जर्मन पद्धतीत तोच ‘त्सेली’, म्हणजे ‘चाक’मधला च. देवनागरीत दोन्ही च सारखेच दिसतात, म्हणून पानावर खूण करून ठेवा. कुठली पद्धत वापरायची हे रचनाकाराच्या परंपरेवरून ठरवा, आणि एकदा ठरलं की सगळ्यांनी तीच.

एस्टोनियन मात्र देवनागरीत पुरती मावत नाही. त्या भाषेत ऱ्हस्व आणि दीर्घ यांच्यापुढे अतिदीर्घ असा तिसरा टप्पा आहे आणि त्याने अर्थ बदलतो. ओठ न गोलावता म्हटलेल्या ओसारखा एक स्वरही आहे, त्याला आपल्याकडे अक्षर नाही. अशा वेळी ती भाषा बोलणाऱ्या माणसाकडून शब्द सावकाश वाचून घ्या, ध्वनिमुद्रित करा आणि चालीआधी आठवडाभर तेच ऐका.

पायरी ५ : सूर पियानोवर जुळवू नका

पियानोने सुरुवातीचा स्वर द्यावा आणि गप्प बसावं. कारण साधं आहे. सेंट हे स्वरांतलं अंतर मोजायचं माप, अर्ध्या स्वरात शंभर सेंट. पियानोचा पंचम ७०० सेंटवर असतो, शुद्ध पंचम ७०२ वर. हा फरक नगण्य. पण पियानोचा गंधार ४०० सेंटवर आहे आणि शुद्ध गंधार ३८६ वर. चौदा सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा, तो कानाला स्पष्ट कळतो. जुळलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, तोच हा ३८६ चा. वृंदाचा लांब धरलेला मेजर कॉर्ड (सा, शुद्ध ग आणि प एकत्र) तिथे बसला की आवाज एकदम स्थिर होतो, भोवती घुमार उभा राहतो.

तरीही सगळीकडे हाच गंधार लावू नका. मध्ययुगीन संगीतात पंचमावर पंचम रचून स्वर ठरत, त्यामुळे तिथला गंधार ४०८ च्या आसपास, चढा आणि ताणलेला असे. तो विसाव्याचा स्वर नव्हता, पुढे जाणारा होता. पेरोतँच्या वळणाने लिहिलेल्या रचनेत विसावा सा आणि प वर घ्या, गंधाराला चढाच राहू द्या. द्युरुफ्ले यांच्यात उलट: तिथे गंधार मऊ, खाली.

सराव असा. ड्रोन अ‍ॅप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावा. बास सा धरतील, टेनर पंचम. दोन्ही स्वर एकमेकांत विरघळेपर्यंत पुढे जायचं नाही. कंप असेल तर जाणवतो, सूर लागला की तो थांबतो. मग आल्टो गंधार हलकेच आत आणतील, मुद्दाम थोडा खालून. शेवटी ड्रोन बंद. अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावा आणि आपण कुठे आलो ते ऐका.

आणि सूर उतरण्याचं काय? जॉन टॅवेनर यांच्या १९९३ सालच्या ‘साँग फॉर अथीन’मध्ये बास सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्वर धरून असतात. बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या, गायनात या धरलेल्या स्वराला ‘इसॉन’ म्हणतात. आम्ही तो पहिल्यांदा गायलो तेव्हा रचना संपता संपता जवळजवळ अर्धा स्वर खाली आलो होतो. मी बासना दोष देत होते. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर कळलं की चूक सगळ्यांची होती. वरचे आवाज ओळ संपताना सैल सुटायचे, बास त्यांच्यामागे उतरायचे, आणि त्याच वेळी सगळे बास एकदम श्वास घ्यायचे, म्हणजे पायाच हलायचा.

उपाय तीन, आणि तिन्ही लागतात. एक: शेजारच्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, ओळीच्या शेवटी तर कुणीच नाही. श्वास लांब स्वराच्या मध्यावर घ्यायचा, आवाज आधी विरवत आणि परत येताना शून्यातून वाढवत. दोन: धरलेला स्वर म्हणजे बसून राहणं नाही. मनात त्याच्या वरचा पंचम सतत ऐकायचा. तो ऐकू येतो तोवर सूर खाली जात नाही. तीन: उ, ओ असे स्वर घशात गडद होऊ लागले की सूर पडणारच, म्हणून ओठ पुढे आणि जीभ सैल. हे तीन पाळल्यावर आमचा अर्धा स्वर केसाएवढा झाला.

पायरी ६ : पॅर्टचा नियम स्वतः करून पाहा

नियमावर उभी असलेली रचना बसवताना हा प्रयोग मला सर्वांत उपयोगी पडला. पॅर्ट आपल्या पद्धतीला ‘तिंतिनाबुली’ म्हणतात, म्हणजे छोट्या घंटा. तिच्यात दोन आवाज जोडीने चालतात. एक आवाज चाल गातो, बहुतेक पायरीपायरीने. दुसरा फक्त तीन स्वर गाऊ शकतो, उदाहरणार्थ सा, कोमल ग आणि प. चालीच्या प्रत्येक स्वराला दुसरा आवाज या तिघांतला जवळचा स्वर देतो, वरचा की खालचा हे आधी ठरलेलं असतं.

दोघांना उभं करा. पहिल्याने गायचं: सा, रे, कोमल ग, म, प. दुसऱ्याने प्रत्येक वेळी लगेच वरचा परवानगीचा स्वर द्यायचा: ग, ग, प, प, वरचा सा. आता सावकाश, एकेक स्वर चार-पाच सेकंद धरून गा. सा बरोबर ग: गोड. रे बरोबर ग: एकदम खडा लागल्यासारखं, कारण दोघांत अर्ध्या स्वराचंच अंतर आहे. ग बरोबर प: पुन्हा मोकळं. म बरोबर प: घर्षण. प बरोबर वरचा सा: उघडं आकाश. मग दुसऱ्याला खालचे स्वर द्यायला सांगा: खालचा प, सा, सा, ग, ग. तीच चाल, पण रंग निराळा.

दहा मिनिटांच्या या खेळात गायकांना दोन गोष्टी कळतात. ते टोकदार स्वर चूक नाहीत, त्यांना घाबरून आवाज कमी करायचा नाही. आणि तीन स्वरांत फिरणारा आवाज ‘साथ’ नाही. दोघे मिळून एकच गाणं होतं. त्यानंतर ‘दा पाचेम’ गाताना प्रत्येक जण आपला जोडीदार कोण हे शोधतो, आणि कान आपोआप उघडतात. या रचनेमागेही एक हजार वर्षांहून जुनी शांतीची प्रार्थना आहे. पॅर्ट यांनी ती २००४ सालच्या माद्रिदमधल्या रेल्वे-स्फोटांनंतर लिहायला घेतली. गायकांना हे जरूर सांगा, पण नियम गळ्यात बसल्यावर.

पायरी ७ : दुसऱ्याचा आवाज घेताना

इथे मी थोडी कडक आहे. कंठगायन, घुमार, छातीतली उघडी हाक हे सगळं व्हिडिओ पाहून शिकू नये. घसा बिघडतो, हे पहिलं कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट समाजातल्या स्त्रियांचं ‘कताज्जाक’ म्हणजे दोघी समोरासमोर उभ्या राहून श्वास आत-बाहेर घेत रचलेला खेळ. जी आधी हसेल किंवा जिचा दम संपेल ती हरली. मिशनऱ्यांच्या काळात तो दडपला गेला होता, आणि त्या समाजाने तो कष्टाने परत मिळवला. ‘पार्टिटा’तल्या त्या वळणाच्या भागावर इनुइट गायिका तान्या तगाक यांनी २०१९ साली जाहीर आक्षेप घेतला. रचना पुलित्झर मिळालेली, गायक नावाजलेले, तरीही प्रश्न रास्त होता: हा आवाज ज्यांचा, त्यांचं नाव आणि त्यांची माणसं यात कुठे आहेत?

तेव्हा अशी रचना घेण्याआधी त्या परंपरेतल्या माणसाकडून शिका, त्याचं मानधन द्या, कार्यक्रमपत्रिकेत परंपरेचं आणि शिकवणाऱ्याचं नाव रचनाकाराच्या नावाइतक्याच अक्षरांत छापा. शिकवणारा माणूस मिळत नसेल तर ती रचना घेऊ नका. दुसऱ्या भरपूर आहेत.

पायरी ८ : जागा आणि क्रम

जागेचा घुमार आधी टाळी वाजवून ऐका. टाळीचा नाद बराच वेळ रेंगाळत असेल तर लय सावकाश आणि व्यंजनं चटपटीत. कोरडी खोली असेल तर उलट, नाहीतर पॅर्टच्या विरामांत नुसती पोकळी उरते. प्रेटोरियसवरच्या त्या रचनेत जुना गट लांब, शक्य तर गॅलरीत उभा करा, आणि गुणगुणणारा वृंद श्रोत्यांच्या भोवती. जुनं गाणं दुरून, धुक्यातून येतं आहे असं वाटलं पाहिजे.

क्रम ठरवताना मूळ धून नव्या रचनेच्या लगेच आधी गा, मध्ये टाळ्या नकोत. पत्रिकेत तशी विनंती छापा. मूळ एकाने गायलं तरी चालेल. पर्सेलच्या बाबतीत तर पर्याय नाही. त्यांची रचना एका स्वरावर सुरू होते, तिथून फक्त कोमल गंधारापर्यंत जाते आणि त्या दोन स्वरांपासून आठ आवाजांची इमारत चढत जाते. स्वेन-डाविड सांडस्ट्रॉम ती संपते तिथूनच पुढे जातात. पर्सेलचा भाग कच्चा राहिला तर पुढचं सगळं हवेत लटकतं, म्हणून एकूण तालमींतल्या निम्म्या पर्सेलला द्या.

शेवटी एक रचना खास सुचवते, कारण ती लहान वृंदालाही जमते. क्नुट न्यूस्टेट यांच्या ‘इमॉर्टल बाख’मध्ये बाख यांचं एक छोटं भजन आधी सरळ गायचं असतं. मग तेच पुन्हा, पण प्रत्येक गट आपले स्वर वेगवेगळा वेळ धरतो: कुणी चार सेकंद, कुणी सहा, आठ, दहा. ओळखीचे कॉर्ड एकमेकांत सांडतात आणि ओळीच्या शेवटी सगळे हळूहळू एकाच संगतीवर येऊन थांबतात. सेकंद मनात मोजा, पाय आपटून नव्हे. गट एकमेकांपासून दूर उभे करा. आणि संचालकाने एवढंच पाहावं: शेवटचा माणूस आपल्या स्वरावर पोहोचून स्थिरावेपर्यंत हात वरच राहिला पाहिजे.